मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती आणि दर वेळी वेगळा का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा पुण्याहून मुंबईला येऊन तिथून सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहेत. इंटरनेटवर एके ठिकाणी अंतर साडेतेरा हजार किलोमीटर दिसतं, दुसरीकडे पंधरा हजार. वेळ कुणी साडेपंधरा तास सांगतं, कुणी सतरा. शेजारच्यांचं विमान जपानवरून गेलं, मावशीचं युरोपवरून. यातलं खरं कुठलं, आणि आई-बाबांसाठी कुठलं विमान घ्यावं?

हे सगळंच खरं आहे. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि अडचण आली तर उतरायचे विमानतळ ठरवायचे, आणि त्या कागदावर कॅप्टनबरोबर आपलीही सही करायची, हे माझं काम. लांब पल्ल्याची विमानं रोज हाताखालून जातात, म्हणून हा घोळ कुठून होतो ते नीट उलगडून सांगतो. तो उलगडला की तिकीट निवडणंही सोपं जाईल.

पहिला आकडा. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर आहे सुमारे १३,५०० किलोमीटर, म्हणजे जवळपास ७,३०० सागरी मैल. हा आकडा बदलत नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घेऊन मुंबईवर धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि ताणा. दोरा पूर्वेला जपानकडे जाणार नाही, पश्चिमेला युरोपकडेही नाही. तो मुंबईतून जवळजवळ सरळ उत्तरेला निघेल. लडाख, काराकोरम, तकलामकान वाळवंटाची कड, अल्ताई पर्वत, सायबेरियाचा मध्य, मग थेट आर्क्टिक महासागर. तिथे ७६-७७ अंश उत्तरेपर्यंत चढून तो अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर येतो आणि युकॉन, व्हँकुव्हर बेट करत कॅलिफोर्नियात उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेषा प्रचंड वाकडी कमान दिसते, आणि त्या नकाशावर पट्टीने आखलेली ‘सरळ’ रेषा प्रत्यक्षात १६,१०० किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे पट्टीवर विश्वास ठेवला तर अडीच हजार किलोमीटरचा भुर्दंड.

आता खरी गोष्ट अशी की त्या ताणलेल्या दोऱ्यावरून जशीच्या तशी विमानं जात नाहीत.

पहिली अडचण डोंगरांची. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वरून मास्क खाली येतात हे सगळ्यांना माहीत असतं. प्रवाशांच्या त्या मास्कमधला प्राणवायू मात्र बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटं पुरेल इतकाच असतो. तेवढ्या वेळात विमानाला दहा हजार फुटांवर, म्हणजे मास्कशिवाय श्वास घेता येईल अशा उंचीवर यावं लागतं. समुद्रावर, गंगेच्या मैदानावर हे सहज जमतं. तिबेटच्या पठारावर जमत नाही, कारण तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फुटांवर आहे. काराकोरममध्ये तर आठ हजार मीटरची शिखरं. त्यामुळे तिथून जायचं तर निसटायच्या वाटा आधीच आखलेल्या हव्यात, जादा प्राणवायूची सोय असलेलं विमान हवं, आणि मुळात त्या भागात हवाई मार्गच विरळ आहेत. म्हणून बहुतेक विमानं त्या उंच पट्ट्याला वळसा घालतात, पूर्वेकडून तरी किंवा पश्चिमेकडून तरी. शेजारच्यांचं विमान जपानवरून आणि मावशीचं युरोपवरून जाण्याची सुरुवात इथेच होते.

दुसरी अडचण देशांच्या आकाशाची. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि पाठोपाठ रशियाचं आकाश अमेरिकी व युरोपीय विमान कंपन्यांना बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते उघडं राहिलं. युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये आपली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई–न्यूअर्क ही विमानं थांबवली, ती याच कारणाने. पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. मुंबईचं भौगोलिक नशीब दिल्लीपेक्षा बरं, कारण मुंबईहून अरबी समुद्रावरून ओमानकडे सरळ बाहेर पडता येतं. पण उत्तर ध्रुवाकडून रशिया, मध्य आशिया करत मुंबईला उतरणाऱ्या विमानाला पाकिस्तान ओलांडता आलं नाही की इराण-ओमानकडून तरी यावं लागतं, नाहीतर पार पूर्वेकडून. त्यात जून २०२५ मध्ये काही दिवस इराणचंही आकाश बंद झालं. अशा वेळी आमच्या टेबलावर जो नकाशा उघडा असतो त्यावर लाल पट्टे इतके होतात की अंतर किती हा प्रश्न मागे पडतो आणि वाट कुठे आहे हा प्रश्न पुढे येतो. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं एअर इंडियाचं विमान कोलकात्याला थांबून पुढे येत होतं.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. प्रवासाला किती वेळ लागतो याचं निम्मंअधिक उत्तर इथे आहे.

मोठं प्रवासी विमान वर गेल्यावर भोवतालच्या हवेच्या मानाने ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. हा वेग फारसा बदलत नाही. पण ती हवा स्वतः स्थिर नसते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि जोरदार प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानजवळ ते ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात सहज जातात. त्यांची पहिली पद्धतशीर मोजणी जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून केली होती. त्यांनी ते निष्कर्ष १९२६ मध्ये एस्परांतो या सगळ्या जगासाठी म्हणून बनवलेल्या कृत्रिम भाषेत छापले, जगाने वाचावेत म्हणून, आणि बाहेर ते फार कुणी वाचले नाहीत. पुढे १९४४ मध्ये जपानवर जाणाऱ्या अमेरिकी बी-२९ विमानांना तोच वारा आडवा आला तेव्हा सगळ्यांना जाग आली. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. आम्ही रोज वाऱ्याचा जो तक्ता उघडतो त्याच्या मुळाशी त्यांचे ते फुगे आहेत.

तर विमान पूर्वेला जात असेल तर हा वारा पाठीशी, पश्चिमेला जात असेल तर तोंडावर. मुंबईहून पूर्वेकडून जायचं ठरवलं तर वाट साधारण अशी: नागपूरच्या बाजूने देश ओलांडायचा, बंगालच्या उपसागराच्या वरून म्यानमार, दक्षिण चीन, मग जपान आणि पुढे अख्खा उत्तर पॅसिफिक. टोकियोवरून गेलं असं धरून मोजलं तर ही वाट १५,००० किलोमीटरची होते. दोऱ्यापेक्षा दीड हजार किलोमीटर जास्त.

आता साधा भागाकार करून बघा. दोऱ्यावरून १३,५०० किलोमीटर, वारा शून्य, वेग ९००: बरोबर १५ तास. जपानवरून १५,००० किलोमीटर, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या चांगल्या दिवशी संपूर्ण वाटेवर सरासरी १२० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला असं समजा. जमिनीवरचा वेग झाला १,०२०. वेळ १४ तास ४० मिनिटांच्या आसपास. वाट लांब असूनही वीस मिनिटं आधी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. नवी वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे जुनीपेक्षा १,४०० किलोमीटर जास्त. तरी ते विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी. आणि सर्वांत मोठा दाखला बोईंगचा. नोव्हेंबर २००५ मध्ये ७७७-२००एलआर हे विमान हाँगकाँगहून लंडनला नेताना त्यांनी नेहमीची पश्चिमेची वाट सोडली आणि उलट पूर्वेकडे, पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून नेलं. २१,६०१ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, मध्ये कुठेही न उतरता. इतकी लांब मजल एका दमात मारता आली ती पाठीशी असलेल्या वाऱ्यामुळेच.

म्हणून आम्ही अंतर दोन प्रकारे मोजतो. एक जमिनीवरचं, जे तुम्हाला इंटरनेटवर दिसतं. दुसरं हवेतलं: विमानाने प्रत्यक्ष किती हवा कापली. पाठीशी वारा असेल तर हवेतलं अंतर जमिनीवरच्यापेक्षा कमी भरतं, तोंडावर असेल तर जास्त. वेळ आणि इंधन दोन्ही या दुसऱ्या अंतरावर ठरतात. तुम्ही ‘किती किलोमीटर’ विचारलंत, आणि त्याचं उत्तर मी वर दिलं. पण आई-बाबांना किती तास बसावं लागेल हे त्या आकड्यातून निघत नाही.

परतीला हाच वारा उलटा. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येताना पॅसिफिकच्या मधोमध जायचं म्हणजे त्या प्रवाहाच्या तोंडात शिरायचं. म्हणून परतीचं विमान शक्य तितकं उत्तरेला सरकतं. कॅनडा, अलास्का किंवा ग्रीनलंडची बाजू, मग ध्रुवाजवळून रशिया. तिथे अंतरही कमी आणि समोरचा वाराही मंद. तरीसुद्धा १४,२०० किलोमीटरची वाट आणि सरासरी ६० किलोमीटरचा वारा तोंडावर धरला तर वेग उरतो ८४०, आणि वेळ होते जवळपास १७ तास. तुम्ही ऐकलेले साडेपंधरा आणि सतरा हे दोन्ही आकडे असे जुळतात: जायचं साडेपंधराच्या आसपास, यायचं सतराच्या. हिवाळ्यात हा फरक वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो, कारण उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावतो आणि उत्तरेला सरकतो.

उत्तरेच्या वाटेवर एक काळजी अशी असते जिची प्रवाशांना कल्पना नसते. ती म्हणजे पंखांतल्या इंधनाचं तापमान. भारतात विमानांना जे इंधन भरतात ते जेट ए-१, ते उणे ४७ अंशांना गोठू लागतं. अमेरिकेत मिळतं ते प्रामुख्याने जेट ए, त्याची मर्यादा उणे ४०. म्हणजे मुंबईहून निघालेल्या विमानाकडे सात अंशांची जास्त मोकळीक आणि सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्याकडे कमी, आणि नेमकं हेच दुसरं विमान ध्रुवाकडच्या थंडीत शिरणार. बाहेरचं तापमान उणे ६० असतं तेव्हा विमानाच्या वेगामुळे त्याच्या पृष्ठभागाला जाणवणारं तापमान उणे तीसच्या आसपास राहतं, काळजी नसते. पण सायबेरियावर कधी उणे ७० अंशांचे थंड हवेचे पट्टे येतात. मग पृष्ठभागावरही उणे चाळीस होतं, आणि तासाभरात पंखातलं इंधन त्या दिशेने सरकायला लागतं. अशा दिवशी मी संध्याकाळचा तापमानाचा तक्ता उघडून मार्गावरचा एकेक बिंदू तपासतो: इथे उणे ६६, इथे ६९, इथे ७१. इंधन गोठणबिंदूच्या किमान तीन अंश वर राहिलं पाहिजे. नाही राहत असं दिसलं तर मार्ग दक्षिणेला ओढायचा, नाहीतर उबदार थरासाठी उंची कमी करायची, नाहीतर वेग किंचित वाढवायचा. तिन्हींना इंधन जास्त लागतं. विमान आत्ता कुठे आहे ते इंटरनेटवर दाखवणाऱ्या ट्रॅकरवर त्या रात्री ते उगाच वळसा घेतंय असं घरच्यांना दिसतं, त्यामागे बऱ्याचदा असला हिशेब असतो.

दोन इंजिनांचाही एक नियम आहे. वाटेत कुठल्याही क्षणी एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरलेल्या मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ जवळ हवा, आणि तो त्या वेळी हवामानाच्या दृष्टीने उघडा हवा. ही मर्यादा विमान आणि कंपनीनुसार ठरते. १८० मिनिटं ही नेहमीची, काही बोईंग ७७७ विमानांना त्याहून बरीच जास्त मिळते. उत्तर पॅसिफिकवर आमच्या यादीत जपानमधलं साप्पोरो, अलास्कातलं अँकरेज आणि कोल्ड बे अशी नावं असतात. कोल्ड बे म्हणजे मोजकीच वस्ती आणि तीन किलोमीटरची धावपट्टी. ही तयारी नुसती कागदी नसते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान इथे उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी सुखरूप उतरले. भारतातून दुसरं विमान गेलं आणि ८ जूनला प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. मर्यादा पाळून मार्ग आखला म्हणजे अशा वेळी उतरायला जागा असते. पुढची सोय लागायला दिवस-दोन दिवस जातात हेही त्यातून दिसलं.

इंधनाचं थोडक्यात सांगतो, कारण ‘विमान उशिरा का निघालं’ आणि ‘सामान मागे का राहिलं’ या दोन्ही तक्रारी इथे येतात. वाटेचं इंधन, त्यावर अनिश्चिततेसाठी साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं, ज्याला हात लावायची वेळ येऊच नये. ७७७ ताशी सरासरी सात टनांच्या आसपास इंधन पिऊन टाकतं. म्हणजे समोरचा वारा वाढून प्रवास तासाने लांबला तर सात टन जास्त, आणि तेवढं इंधन पंधरा तास वाहून न्यायलाच आणखी इंधन. पण विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ठरलेलं आहे, ७७७-२००एलआरचं ३४७ टन. मे महिन्याच्या दुपारी मुंबईच्या तापलेल्या पातळ हवेत तेवढंही उचलवत नाही. मग काहीतरी उतरवावं लागतं. आधी माल, फारच ओढाताण झाली तर काही जागा रिकाम्या ठेवायच्या. लांब पल्ल्याची बरीच विमानं गार हवेत, रात्री किंवा पहाटे निघतात, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक असतं.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती हवेतली नसते. मुंबईत विमान जागेवरून हललं तिथून सॅन फ्रान्सिस्कोला जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची ती वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच काय तो खरा उपयोग होतो. रांगेत वीस मिनिटं जाणं अगदी नेहमीचं. दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य दोन धावपट्ट्या समांतर आहेत, पण त्यांच्यात अंतर फक्त साडेसातशे फूट. आकाश स्वच्छ असेल तर विमानं जोडीजोडीने उतरतात. खाडीवर सकाळचे खालचे ढग आले, आणि उन्हाळ्यात ते वरचेवर येतात, की जोडी मोडते आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या निम्म्याच्या आसपास येते. अख्खं पॅसिफिक वेळेच्या आधी ओलांडून आलेलं विमान शेवटी किनाऱ्यावर अर्धा तास घालवतं ते असं. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक लावतात, म्हणून तुमच्या पाहण्यात ‘विमान चाळीस मिनिटं आधी पोहोचलं’ असंही येईल. पायलटने वेग मारला असं त्यात काही नसतं. वारा धरला होता त्यापेक्षा चांगला मिळाला, एवढंच.

घड्याळाचा हिशेब आई-बाबांना आधीच समजावून सांगा, नाहीतर तिकीट बघून ते गोंधळतील. हिवाळ्यात भारत कॅलिफोर्नियाच्या साडेतेरा तास पुढे असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा. समजा जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी ४ वाजता निघालं आणि साडेपंधरा तास लागले. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील, पण तिकडे त्याच दिवशीचे संध्याकाळचे ६. म्हणजे तिकिटावर नुसते दोन तास दिसणार. उलट, तिकडून रात्री ९ वाजता निघून १७ तासांनी मुंबईत उतरलं तर इथे निघाल्यापासून तिसऱ्या दिवसाची पहाट, साडेतीन. औषधांच्या वेळा असतील, विशेषतः इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, तर तिकिटावरच्या तासांवर जाऊ नका. प्रवासाचे खरे तास मोजून डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या.

आता निवड. थेट आणि मध्ये थांबणाऱ्या मार्गांची जमिनीवरची अंतरं बघितली की बरंच स्पष्ट होतं. दुबईमार्गे मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर, म्हणजे एकूण पंधरा हजाराच्या आत. (दुबई–सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो.) फ्रँकफुर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१५०, म्हणजे १५,७००. सिंगापूरमार्गे ३,९०० अधिक १३,६००, म्हणजे साडेसतरा हजार. किलोमीटर बघितले तर दुबई सर्वांत स्वस्त पडतं. पण तिथे तीन तासांचा छोटा आणि पुढे सोळा तासांच्या आसपासचा लांब असा प्रवास आहे, म्हणजे लांब बसणं टळलं नाहीच, वर विमान बदलण्याची दगदग. फ्रँकफुर्ट किंवा लंडनला थांबलं तर प्रवास दोन बऱ्यापैकी सारख्या तुकड्यांत विभागतो. गुडघे, पाठ किंवा पायाला सूज यांचा त्रास असणाऱ्यांना हे अनेकदा बरं पडतं. मात्र युरोपातल्या थांब्यासाठी कुठल्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो ते बुकिंगच्या आधी तपासा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच जाणाऱ्या, इंग्रजीची फारशी सवय नसलेल्या आणि तब्येत ठीक असलेल्या आई-वडिलांसाठी विनाथांबा विमान मिळत असेल तर तेच घ्या, पाच-दहा हजार रुपये जास्त पडले तरी. परक्या विमानतळावर टर्मिनल बदलणं, पाटी शोधणं, गेट बदललं तर घोषणा समजणं, याचा ताण सोळा तास बसण्याहून जास्त असतो. ते मिळत नसेल तर एकच थांबा असलेलं, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, आणि मध्ये किमान तीन तास. व्हीलचेअर चालता येत असलं तरी मागा आणि किमान दोन दिवस आधी मागा. तिच्याबरोबर माणूस येतो आणि तोच पुढच्या गेटपर्यंत पोहोचवतो. न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे पाठवणं मी टाळेन, कारण अमेरिकेत जिथे पहिल्यांदा पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन होतं, आणि सामानही साधारणपणे तिथेच उचलून पुन्हा द्यावं लागतं. अबू धाबीची गोष्ट वेगळी. तिथे २०१४ पासून अमेरिकी इमिग्रेशनची तपासणी विमानात बसण्याआधीच होते आणि उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. ही सोय वयस्कर माणसांना फार उपयोगी पडते, पण थांब्याला वेळ जास्त ठेवा.

तिकीट काढताना थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे का ते बघा. एकच फ्लाइट नंबर असला म्हणजे विमान मध्ये उतरणार नाही असं नव्हे, वरचं कोलकात्याचं उदाहरण आहेच. आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या तारखांच्या पलीकडचं तिकीट आधी काढलं असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी वेळ पुन्हा तपासा. अंतर तेच असतं, तरी वेळ बदललेली असते.

प्रवासात दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं टाकायला सांगा, पाणी भरपूर, पायांना घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून. जागा आतल्या वाटेकडची घ्या, खिडकीची नको.

आणायला जायच्या दिवशी ट्रॅकरवर पहिले काही तास विमान कुठे दिसतंय याने घाबरू नका. चीनवर किंवा समुद्राच्या मधोमध काही वेळ ते दिसेनासंही होतं, कारण ट्रॅकरला माहिती देणारे जमिनीवरचे रिसीव्हर तिथे नसतात. आम्हाला ते उपग्रहावरून दिसत असतं. तुम्ही सॅन होजेच्या बाजूला राहता म्हणालात, तर विमान उतरल्याचं ट्रॅकरवर दिसल्यावर निघालात तरी चालेल. इमिग्रेशनची रांग, सामान आणि लोणच्या-पापडांसाठी कस्टमने विचारलेले प्रश्न यात तास-दीड तास सहज जातो. आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर बाहेर पडायच्या वाटा दोन आहेत, ए आणि जी अशा अक्षरांच्या बाजूंना. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की बाहेर आल्यावर जिथे आहात तिथेच थांबा, आम्ही शोधत येतो.